खोटा पाहुणा, खरा मुलाखतकार : ‘रॉक प्रोफाइल’विषयी

आज मी ज्या कार्यक्रमाबद्दल बोलणार आहे, तो इथं बसलेल्यांपैकी बहुतेकांनी पाहिलेला नसणार. त्यात नवल नाही. इंग्लंडातसुद्धा तो पहिल्यांदा लागला तेव्हा थोड्याच लोकांनी पाहिला होता. नाव ‘रॉक प्रोफाइल’, साल १९९९. ‘यूके प्ले’ नावाचं एक चॅनेल होतं, गाणी आणि विनोद एवढंच दाखवणारं. २००२ मध्ये ते बंदही पडलं. त्या चॅनेलवर हा कार्यक्रम सुरू झाला आणि नंतर बीबीसी टूवर दाखवला गेला. मॅट लुकस आणि डेव्हिड वॉलियम्स हे दोन विनोदी नट कुठल्यातरी प्रसिद्ध गायकाचं किंवा बँडचं सोंग घेऊन येतात, समोर मुलाखतकार बसलेला असतो, तो प्रश्न विचारतो, हे उत्तरं देतात. बस्स, एवढंच. नाच नाही, गाणं जवळजवळ नाही, भपकेदार सेट नाही. इतका स्वस्त कार्यक्रम की चॅनेलच्या हिशेबनिसाला आनंद झाला असेल.

मग एवढ्याशा कार्यक्रमावर तासभर बोलायचं कशासाठी? कारण कलाकाराची मुलाखत ही चीज नेमकी कशी चालते, तिच्यात खरं किती आणि ठरलेलं किती, हे मला पुष्कळ गंभीर पुस्तकांपेक्षा या अर्ध्या कच्च्या कार्यक्रमातून जास्त कळलं. आणि दुसरं म्हणजे, टिंगल केव्हा टिंगल राहते आणि केव्हा एखाद्याच्या जिवावर बेतते, हा प्रश्न या कार्यक्रमाच्या अगदी शेजारी उभा आहे. त्याच्याकडे आपण शेवटी येऊ.

आधी माणसं. लुकस आणि वॉलियम्स यांची ओळख ‘नॅशनल यूथ थिएटर’मध्ये झाली, दोघंही अगदी तरुण असताना. लुकस तोपर्यंत लोकांना माहीत झाला होता तो ‘शूटिंग स्टार्स’ या कार्यक्रमामुळे. त्यात तो जॉर्ज डॉझ नावाचं पात्र करायचा. तान्ह्या बाळासारखे कपडे, पूर्ण टक्कल, समोर ड्रम. वॉलियम्स तेव्हा फारसा कुणाला ठाऊक नव्हता. ‘लिटल ब्रिटन’ या मालिकेनं पुढे दोघांना घराघरांत नेलं, पण ती रेडिओवर आली २०००-०१ मध्ये आणि टीव्हीवर २००३ मध्ये. आपण बोलतोय ते त्याच्या आधीचं.

तिसरा माणूस, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा, जेमी थीकस्टन. हा नट नव्हे. हा खराखुरा सूत्रसंचालक. बीबीसीवर ‘द ओ झोन’ नावाचा पॉप संगीताचा कार्यक्रम होता, मुलाखती, बातम्या, नव्या गाण्यांची झलक. तो हा सादर करायचा. शनिवारी सकाळी लहान मुलांसाठी ‘लाइव्ह अँड किकिंग’ लागायचं, तिथेही हा. ‘टॉप ऑफ द पॉप्स’वरही हाच. म्हणजे त्या काळातल्या ब्रिटिश पोरांनी आपल्या आवडत्या गायकाला टीव्हीवर प्रश्न विचारताना ज्याला पाहिलं होतं, तोच माणूस ‘रॉक प्रोफाइल’मध्ये खुर्चीवर बसलेला. तोच आवाज, तेच मान हलवणं, तीच आपुलकी. समोरचा पाहुणा मात्र ठार खोटा.

इथं थोडं थांबू या. लुकस-वॉलियम्सना मुलाखतकाराचं कामसुद्धा एखाद्या नटाला देता आलं असतं. तो नट ‘ओशट सूत्रसंचालक’ रंगवून दाखवला असता, लोक हसलेही असते. तसं त्यांनी केलं नाही. का नाही केलं, याचं उत्तर आपल्याला आपल्याच वगनाट्यात सापडतं. सोंगाड्या राजाला तिरकी उत्तरं देतो तेव्हा राजा राजासारखा वागला पाहिजे. राजाच फिदीफिदी हसायला लागला तर सोंगाड्याच्या उत्तरातली हवा जाते. थीकस्टन हा तो राजा. समोरचा माणूस काहीही बरळला तरी तो ते ऐकून घेतो, ‘बरं, मग नव्या अल्बमविषयी सांगा’ अशा थाटात पुढे जातो. क्वचित हसू त्याच्या ओठांपर्यंत येतं आणि तो ते गिळतो, ते दिसतंही. पण खुर्ची तो सोडत नाही.

अशा प्रकारच्या विनोदात दोन खुर्च्या असतात आणि त्यांतली एक तरी खरी लागते, असं माझं म्हणणं आहे. दोन्ही खोट्या केल्या की ते साधं प्रहसन होतं. एक खरी ठेवली की प्रेक्षकाच्या मनात गोंधळ सुरू होतो, आणि त्या गोंधळातच मजा असते.

आता हा विनोद कशाची टिंगल करतोय हे कळायला खरी मुलाखत म्हणजे काय असते ते पाहायला हवं. आपल्याकडे ‘प्रकट मुलाखत’ म्हटलं की दोन-अडीच तास, आठवणी, गाण्याच्या दोन ओळी, श्रोत्यांची दाद असं चित्र डोळ्यांसमोर येतं. पॉप संगीताच्या धंद्यातली मुलाखत तशी नसते. ती विक्रीची एक पायरी असते. नवा अल्बम यायचा असतो. रेकॉर्ड कंपनी हॉटेलात एक खोली घेते. गायक किंवा बँड तिथं दिवसभर बसतो आणि पत्रकार एकामागून एक आत सोडले जातात, पंधरा-वीस मिनिटांच्या हिशेबानं. कंपनीचा माणूस घड्याळ बघत कोपऱ्यात. प्रश्न सगळ्यांचे तेच : या अल्बमचा आवाज आधीपेक्षा वेगळा का? तुमचं आपसात पटतं का? तुमच्यावर कुणाचा प्रभाव? दहाव्या पत्रकारापर्यंत गायकाची उत्तरं पाठ झालेली असतात. ऐकणाऱ्याला मात्र वाटतं की तो मनातलं बोलतोय.

हे नव्वदच्या दशकात सुरू झालं असंही नाही. १९६४ मध्ये बीटल्स अमेरिकेत पोचले तेव्हा त्यांच्या तिथल्या कंपनीनं, कॅपिटॉलनं, रेडिओ केंद्रांसाठी एक खास तबकडी काढली. ‘ओपन-एंड इंटरव्ह्यू’ म्हणायचे त्याला. तबकडीवर बीटल्सची फक्त उत्तरं. मधे मधे मोकळ्या जागा. सोबत एक छापील कागद, त्यावर प्रश्न. गावोगावच्या रेडिओ निवेदकानं काय करायचं, तर कागदावरचा प्रश्न आपल्या आवाजात वाचायचा, की लगेच तबकडीतून जॉन किंवा पॉल उत्तर देणार. ऐकणाऱ्या पोरीला वाटणार, अगं बाई, आपल्या गावच्या स्टेशनवर बीटल्स आलेत! म्हणजे बघा, उत्तरं आधी तयार आणि प्रश्न नंतर. मुलाखतकार कोण आहे यानं काही फरकच पडत नाही. यापेक्षा मोठं विडंबन कुठला विनोदी लेखक लिहिणार?

आणि गायकांनाही हे ठाऊक होतं. त्यांच्यातले जे तिखट होते त्यांनी मुलाखत आतूनच मोडायला सुरुवात केली. १९६५ च्या इंग्लंड दौऱ्यात बॉब डिलननं पत्रकारांना कसं उलटं टांगलं ते ‘डोन्ट लुक बॅक’ या माहितीपटात आहे. मला ते बघताना पत्रकाराचीच दया येते, डिलनची नाही. दुसरं उदाहरण आपल्या आजच्या विषयाच्या जवळचं आहे, म्हणून जरा तपशिलात सांगतो. चित्रकार अँडी वॉरहॉल. साठच्या दशकातल्या त्याच्या मुलाखती पाहा. पत्रकार लांबलचक, विद्वत्तापूर्ण प्रश्न विचारतोय आणि वॉरहॉल ओठांवर बोट ठेवून ‘हो’, ‘नाही’, ‘अं’ एवढंच म्हणतोय. एकदा तर त्यानं सुचवलं की मी काय बोलायचं ते मुलाखतकारानंच सांगावं, मी त्याच्यामागून म्हणेन. म्हणजे ती बीटल्सची तबकडीच, फक्त उलटी लावलेली.

वॉरहॉलनं ज्या बँडला हाताशी धरलं तो ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’. त्यांच्या १९६७ च्या पहिल्या अल्बमवरचं केळ्याचं चित्र तुम्ही टी-शर्टांवर पाहिलं असेल, ते वॉरहॉलचं. त्या बँडचा गायक लू रीड. हा रीड मुलाखतींच्या बाबतीत वॉरहॉलच्याही पुढे गेला. १९७४ मध्ये सिडनीच्या विमानतळावर त्याची पत्रकार परिषद झाली, तिचं चित्रीकरण आजही फिरत असतं. काळा चष्मा, चेहरा दगडी, उत्तरं एकेका शब्दाची. स्वतःचं वर्णन कसं कराल, असं विचारल्यावर त्यानं दिलेलं उत्तर होतं, ‘साधारण’. पत्रकार मंडळी अक्षरशः घामाघूम. वॉरहॉल आणि रीड ही दोन नावं लक्षात ठेवा.

ब्रिटनमध्ये या खेळाचा एकदा स्फोट झाला तो १ डिसेंबर १९७६ ला. टेम्स टेलिव्हिजनच्या ‘टुडे’ या संध्याकाळच्या कार्यक्रमात क्वीन बँड यायचा होता. क्वीनचा फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारुख बलसारा, आपल्या पाचगणीच्या शाळेत वाढलेला. क्वीनला जमलं नाही, म्हणून त्यांच्याच कंपनीनं ‘सेक्स पिस्टल्स’ या नव्या पोरांना पाठवलं. मुलाखतकार बिल ग्रंडी. त्यानं पोरांना डिवचलं, बोला की काहीतरी भयंकर म्हणून चढवलं, आणि पोरांनी थेट प्रक्षेपणात शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर तेच. पिस्टल्स एका रात्रीत देशभर गाजले. ग्रंडीला चॅनेलनं दोन आठवडे घरी बसवलं आणि त्याची कारकीर्द त्यानंतर पुन्हा तशी उभी राहिली नाही. पाहुण्याचं नुकसान शून्य, मुलाखतकाराचं सगळं. या प्रसंगानं ब्रिटिश टीव्हीवाल्यांना एक गोष्ट शिकवली, की पाहुण्यापेक्षा मुलाखतकाराची खुर्ची जास्त डळमळीत असते.

विनोदकारांनी हे त्याआधीच हेरलं होतं. मॉन्टी पायथनचा एरिक आयडल १९७५ मध्ये ‘रटलंड वीकएंड टेलिव्हिजन’ करत होता. त्यात त्यानं ‘ओल्ड ग्रे व्हिसल टेस्ट’ या गंभीर संगीत कार्यक्रमाची आणि त्याचा सूत्रसंचालक बॉब हॅरिस याची टिंगल केली. हॅरिस माइकपाशी इतकं हळू बोलायचा की त्याचं टोपणनावच ‘कुजबुज्या बॉब’ अशा अर्थाचं पडलं होतं. त्याच कार्यक्रमातून पुढे ‘द रटल्स’ निघाले, बीटल्सचं विडंबन, आणि १९७८ मध्ये त्यांच्यावरचा खोटा माहितीपट आला.

त्यातला जो तुकडा मघाशी पडद्यावर दाखवला, तो पुन्हा आठवा. रटल्सच्या कंपनीच्या दारात एक पत्रकार माइक घेऊन उभा आहे, केस पांढरे, मिशा. कंपनीचा प्रसिद्धी अधिकारी, म्हणजे मायकेल पेलिन, त्याला सांगतोय की चोऱ्यांच्या अफवा अतिशयोक्त आहेत. आणि मागून लोक कंपनीतलं सामान बाहेर वाहून नेतायत. शेवटी पत्रकाराच्या हातातला माइकसुद्धा कुणीतरी पळवतो. तो पत्रकार कोण होता? जॉर्ज हॅरिसन. साक्षात बीटल. ज्याला आयुष्यभर प्रश्न विचारले गेले तो माणूस माइक घेऊन दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहिला, आणि कुणाच्या कंपनीची चेष्टा करत होता, तर स्वतःच्या. ‘ॲपल’ कंपनीत पैसा कसा वाहून गेला ते त्यानं पाहिलेलं होतं. त्याच माहितीपटात मिक जॅगर आणि पॉल सायमन स्वतःच्या नावानं येतात आणि रटल्सच्या आठवणी अगदी गंभीरपणे सांगतात. एक खुर्ची खरी, म्हणालो ना? इथं तर खऱ्या माणसांची रांगच लागली होती.

आता परत ‘रॉक प्रोफाइल’कडे. ब्रिटनमध्ये नकलाकारांची मोठी परंपरा आहे. माइक यारवुडसारखे लोक आवाजाची हुबेहूब नक्कल करायचे. ‘स्पिटिंग इमेज’नं १९८४ पासून बाहुल्यांमधून चेहऱ्यांची केली. लुकस आणि वॉलियम्स या परंपरेत बसत नाहीत, आणि मला ते यासाठीच आवडतात. त्यांना हुबेहूब नक्कल करण्यात रस नव्हता. विग आणि कपड्यांवरून ओळख पटली की झालं. त्यानंतर तोंडातून जे बाहेर पडायचं त्याचा त्या गायकाशी संबंध असलाच पाहिजे असं नाही. ‘टेक दॅट’, जॉर्ज मायकेल, बॉय जॉर्ज, बी जीज असे कितीतरी जण त्यांनी केले, पण ही नावं म्हणजे खुंट्या. त्यांवर त्यांनी आपलेच अंगरखे टांगले.

मघाची दोन नावं आता कामाला येतील. ‘रॉक प्रोफाइल’मध्ये त्यांनी लू रीड आणि अँडी वॉरहॉल ही जोडी आणली. वॉरहॉल तेव्हा जाऊन बारा वर्षं झाली होती, १९८७ मध्ये वारला. पण खोट्या मुलाखतीला त्याची काय अडचण? त्यांनी काय केलं, तर दगडी चेहऱ्याचा, पत्रकारांना फाडून खाणारा न्यूयॉर्कचा लू रीड उचलला आणि त्याला गरीब गाय करून टाकलं. सोशिक, समजूतदार, दुसऱ्याचं करण्यात दिवस घालवणारा. आणि वॉरहॉलच्या त्या गूढ एकशब्दी उत्तरांचं रूपांतर हट्टी, आळशी माणसाच्या हुं-हुंमध्ये केलं. जगातले समीक्षक ज्या मौनाचा अर्थ लावत बसले होते, ते मौन म्हणजे नुसतं ‘हो, माहितेय’ असं गुरकावणं निघालं.

एवढ्यावर गोष्ट संपत नाही. ही जोडी त्यांना इतकी जमली की ‘लिटल ब्रिटन’ लिहिताना त्यांनी नावांतला प्रसिद्ध अर्धा भाग कापून टाकला. लू रीडचा झाला लू टॉड, अँडी वॉरहॉलचा झाला अँडी पिपकिन. एक चाकाच्या खुर्चीत बसलेला, कुरकुरा. दुसरा त्याची सेवा करणारा, भाबडा. सेवा करणाऱ्याची पाठ वळली की खुर्चीतला उठून पळतो, पोहतो, झाडावर चढतो. ब्रिटनमध्ये ही जोडी एवढी लोकप्रिय झाली की शाळेतली पोरं त्यांचे संवाद म्हणत फिरायची. त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल की ही दोन माणसं मुळात न्यूयॉर्कच्या कलाविश्वातली आहेत? मला हा प्रवास फार बोलका वाटतो. प्रसिद्ध माणूस काढून घेतला तरी पात्र जिवंत राहिलं, याचा अर्थ टिंगल त्या माणसाची नव्हतीच. तो नुसता सुरुवातीचा टेकू होता.

बरं, हे १९९९ मध्येच का सुचलं असावं? त्या वर्षांचं वातावरण जरा आठवा. १९९६ च्या फेब्रुवारीत ‘टेक दॅट’ फुटलं तेव्हा रडणाऱ्या पोरींसाठी टेलिफोनवर मदत केंद्रं उघडावी लागली होती. १९९८ मध्ये जेरी हॅलिवेलनं ‘स्पाइस गर्ल्स’ सोडलं, ती राष्ट्रीय बातमी झाली. ‘स्मॅश हिट्स’ या पोरांच्या पाक्षिकानं तोवर वर्षानुवर्षं गायकांना मुद्दाम बाष्कळ प्रश्न विचारायची प्रथा पाडली होती, मंगळवारचा रंग कोणता, वगैरे. दुसरीकडे टॅब्लॉइड वर्तमानपत्रं रोज त्याच गायकांच्या घरात डोकावत होती. कोण जाड झालं, कुणाचं कुणाशी बिनसलं. म्हणजे लोकांच्या डोक्यात प्रत्येक गायकाची एक अर्धवट, ऐकीव प्रतिमा तयार होती. मुलाखतीत गायक तिसरंच काहीतरी गोडगोड बोलायचा. ‘रॉक प्रोफाइल’नं त्या गोड मुलाखतीच्या खुर्चीत गायकाऐवजी ती ऐकीव प्रतिमाच आणून बसवली.

त्याच सुमाराला ब्रिटनमध्ये याच्या नेमकं उलटंही चाललं होतं. कॅरोलिन आहर्न ही तिशीतली बाई ‘मिसेस मर्टन’ नावाची म्हातारी व्हायची आणि खऱ्या पाहुण्यांना प्रश्न विचारायची. जादूगार पॉल डॅनियल्सची बायको डेबी मॅगी आली होती, तेव्हा म्हातारीनं तिला विचारलं की या लक्षाधीश पॉल डॅनियल्समधलं तुम्हाला पहिल्यांदा काय आवडलं. हा प्रश्न ब्रिटनमध्ये आता म्हणीसारखा वापरतात. १९९८ मध्ये साशा बॅरन कोहेनचा ‘अली जी’ आला, त्याचंही तेच. मुलाखतकार खोटा, पाहुणा खरा. फरक असा, की इथं पाहुणा स्वतः हजर असतो. तो चिडू शकतो, हसू शकतो, उलट उत्तर देऊ शकतो. मजूर पक्षाचे म्हातारे नेते टोनी बेन अली जीसमोर बसले होते. मुलाखतकार सोंग आहे हे त्यांना माहीत नव्हतं, तरी त्यांनी त्याला असं फैलावर घेतलं की सोंगापेक्षा त्यांचाच मान वाढला.

आता मी सुरुवातीला म्हणालो त्या प्रश्नाकडे येतो. पाहुणा हजर नाही, आणि समोर खरा मुलाखतकारही नाही, अशी टिंगल झाली तर?

२००२ मध्ये चॅनेल फोरवर ‘बो सिलेक्टा’ सुरू झाला. करणारा ली फ्रान्सिस, लीड्सचा. रबरी मुखवटे घालून तो प्रसिद्ध लोकांची सोंगं घ्यायचा. कार्यक्रमाचं नावच मुळी एका गाण्यातल्या शब्दांवरून घेतलेलं, आणि ते गाणं गाणारा होता क्रेग डेव्हिड. हा साउदॅम्प्टनच्या सरकारी वसाहतीत वाढलेला मुलगा, वडील कॅरिबियन बेटांवरच्या ग्रेनाडाचे. २००० साली, एकोणीस वर्षांचाही झाला नव्हता, तेव्हा त्याचं ‘फिल मी इन’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. गुणी मुलगा, स्वतः लिहिणारा. फ्रान्सिसनं त्याचा मुखवटा केला तो पुढे आलेल्या लांब हनुवटीचा. बोली दिली यॉर्कशरची, जिचा साउदॅम्प्टनशी काही संबंध नाही. हातावर एक खोटा ससाणा. आणि स्वतःचंच नाव ताणून ओरडायची सवय.

विनोदाचं तंत्र बघितलं तर ते ‘रॉक प्रोफाइल’चंच आहे. सत्याशी संबंध नसलेली सवय एखाद्या प्रसिद्ध नावाला चिकटवायची. मग एकाचं विसरलं जातं आणि दुसऱ्याचं जखम होतं, असं का? मला दोन कारणं दिसतात. पहिलं, मात्रा. ‘रॉक प्रोफाइल’मध्ये पाहुणे बदलत राहायचे. या आठवड्यात जो सापडला त्याची पुढच्या आठवड्यात सुटका. ‘बो सिलेक्टा’मध्ये तो मुखवटा दर आठवड्याला, वर्षामागून वर्ष. दुसरं, खुर्ची. थीकस्टन समोर असल्यामुळे प्रेक्षकाला सतत जाणवायचं की हा मुलाखतीचा खेळ आहे. ‘बो सिलेक्टा’च्या मुखवट्यासमोर तसं कुणी नव्हतं. मुखवटा थेट रस्त्यावर हिंडायचा. हळूहळू लोकांच्या डोक्यात माणसाच्या जागी मुखवटाच जाऊन बसला. खरा क्रेग डेव्हिड कुठं दिसला की लोक त्याच्याच तोंडावर त्याचं नाव त्या मुखवट्यासारखं ताणून ओरडायचे. नवा अल्बम घेऊन मुलाखतीला गेला तर बोलणं फिरून तिथंच.

काटेकोर बोलायचं तर त्याची कारकीर्द एकट्या या कार्यक्रमानं बुडवली असं सरळ म्हणता येत नाही. २००१ च्या ब्रिट पुरस्कारांत त्याला सहा नामांकनं होती आणि एकही पुरस्कार मिळाला नाही, ते ‘बो सिलेक्टा’च्या आधीचं. आणि २००२ चा त्याचा दुसरा अल्बम जगभर लाखोंनी खपला. पण आपल्याच देशात तो चेष्टेचा विषय झाला आणि पुढे बरीच वर्षं अमेरिकेत, मायामीला जाऊन राहिला. त्या काळात त्यानं काय केलं? तो हसला. हसण्याखेरीज दुसरं करता काय येतं? चिडलास तर ‘विनोदबुद्धी नाही’ हा शिक्का तयारच. नंतर त्यानं स्वतःच सांगितलंय की वरून हसत असलो तरी आतून लागत होतं. टोनी बेनना जी सोय होती, समोर बसून उत्तर द्यायची, ती या पोराला कधी मिळालीच नाही. आणि गोऱ्या माणसानं काळ्या मुलाचा मुखवटा घालून हे करायचं, यात काही वावगं आहे, हे तेव्हा चॅनेलवर कुणाला खटकलं नाही. २०२० च्या जूनमध्ये ली फ्रान्सिसनं कृष्णवर्णीय लोकांची सोंगं घेतल्याबद्दल जाहीर माफी मागितली.

त्याच महिन्यात ‘लिटल ब्रिटन’ बीबीसीच्या आयप्लेयरवरून आणि नेटफ्लिक्सवरून काढण्यात आली, कारण तिथंही लुकस-वॉलियम्सनी चेहरे काळे करून पात्रं रंगवली होती. पुढे काटछाट करून ती बीबीसीवर परत आली. म्हणजे ‘रॉक प्रोफाइल’वाले स्वच्छ आणि ‘बो सिलेक्टा’वाले मळके, असा निवाडा मी देत नाहीये. लुकस-वॉलियम्सच्या विनोदातही कुणाच्या जाडपणावर, कुणाच्या समलिंगी असण्यावर सोपं हशा पिकवणं पुष्कळ आहे. लुकस स्वतः समलिंगी आहे आणि स्वतःच्या अंगयष्टीवर तो सगळ्यात आधी विनोद करतो हे खरं, पण म्हणून प्रत्येक विनोद पचतो असं नाही. माझं म्हणणं एवढंच, की मधे तो एक खरा मुलाखतकार बसलेला असल्यामुळे ‘रॉक प्रोफाइल’चा बराचसा मार गायकाला न लागता मुलाखतीला लागला. लुकस-वॉलियम्सनी हे ठरवून केलं असेल असं मला वाटत नाही. त्यांना थीकस्टन मिळाला, तो शांत बसला, आणि ते जमून गेलं.

२००९ मध्ये त्यांनी इंटरनेटसाठी या कार्यक्रमाचे काही नवे भाग केले. या वेळी यजमान डर्मट ओ’लिअरी. तोही खराच सूत्रसंचालक, तेव्हा ‘द एक्स फॅक्टर’ सादर करणारा. दहा वर्षांनी सगळं बदललं तरी त्यांनी ती एक खुर्ची नटाला दिली नाही, हे मला लक्षात घेण्यासारखं वाटतं.

आज मात्र कंपनीला ती हॉटेलची खोली पूर्वीइतकी लागत नाही. गायक स्वतःच्या फोनवरून थेट बोलतात, प्रश्न विचारणारा मधे नकोच. आणि ज्या मुलाखती तरुण पोरं आवडीनं बघतात त्या कुठल्या? २०१४ पासून लंडनची अमेलिया डिमोल्डेनबर्ग ‘चिकन शॉप डेट’ करते. तळलेल्या कोंबडीच्या दुकानात रॅपरला किंवा गायकाला समोर बसवते आणि जणू आपण लग्न जुळवायला भेटलोय अशा थाटात, चेहऱ्यावरची रेष न हलवता, अवघडलेले प्रश्न विचारते. पाहुणा खरा, मुलाखतकार अर्धी खरी, अर्धी सोंग. आणि गंमत म्हणजे रेकॉर्ड कंपन्या आता आपल्या कलाकारांना आपण होऊन तिथं पाठवतात, अल्बमच्या जाहिरातीसाठी. क्रेग डेव्हिडही परत आला. २०१६ मध्ये त्याचा अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला, त्याच्या पहिल्या अल्बमनंतर सोळा वर्षांनी.

माझी वेळ झाली आहे असं मागून खुणावतायत. कुणाला काही विचारायचं असेल तर माइक फिरवतो. उत्तरं मी पाठ करून आणलेली नाहीत.